विहीणबाईंचं गव्हाचं सत्त्व

"सात महिन्यांचं पोर, आणि तोंड कसं फिरवतंय बघा, मानपानावरून रुसलेल्या जावयासारखं," विहीणबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

त्यांच्या मांडीवर साईराज, हातात वाटी, वाटीत गव्हाच्या सत्त्वाची गरम खीर. चमचा ओठाला लागला की नातू आमचा जिभेनं सगळं बाहेर ढकलून लाळेऱ्यावर आणून ठेवी.

विहीणबाई म्हणजे चंद्रावती, माझ्या सुनेची आई. पेणहून मुद्दाम रोह्याला आल्या होत्या. ऋतुजा सोमवारपासून धाटावला कंपनीच्या लॅबमध्ये परत रुजू होणार, पोराला या सांभाळणार. कारण माझ्या गुडघ्यांना पोरामागे रांगायची परवानगी नाही. अट एकच, पोरानं त्यांच्या हातचं खायला हवं.

येताना त्यांनी डबाभर सत्त्व आणलं होतं. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून, चीक वाळवलेला. वाळवलेला कशावर, तर ज्या लुगड्यावर वीस वर्षं त्यांचे विकायचे पापड वाळतात त्याच्यावर. धुतलेलं होतं म्हणे. असेल. पण खीर शिजायला लागली की घरभर पापडाचा हिंग दरवळे. डॉक्टरांनी बजावलं होतं, वर्षापर्यंत मीठ नको, साखर नको. हिंगाचं काही बोलले नव्हते.

पहिल्या दिवशी मी चव घेतली आणि म्हटलं, फारच छान. विहिणीच्या पदार्थाला नावं ठेवू नयेत, एवढं वळण मला आहे. माझ्या लेकानं, हितेशनं, सासूसमोर वाटी चाटूनपुसून दाखवली आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारलं, लोणचं आहे का. ऋतुजा खिडकीबाहेर बघत राहिली. एवढं कौतुक झाल्यावर विहीणबाईंनी दुसऱ्या दिवशी दुप्पट केली. मग चार दिवस आम्ही तीन मोठी माणसं बाळाचं जेवण जेवत होतो आणि बाळ आपलं आईच्या दुधावर.

मंगळवारी दूध करपलं तेव्हा विहीणबाई गॅसपाशीच बसल्या होत्या. धूर दिसला तेव्हा उठल्या. ते आम्ही तिघांनी पाहिलं आणि तिघंही सोयीनं विसरलो.

शुक्रवारी ऋतुजानं कंपनीत कळवायला फोन हातात घेतला. म्हणाली, मी नाय जात सोमवारी, याला माझ्याशिवाय काही चालत नाय. सहा वर्षांची नोकरी, आणि चिमूटभर हिंगापायी सोडायला निघाली होती. विहीणबाईंचा चेहरा उतरला. तुम्हा सगळ्यांना आवडतं, मग यालाच माझ्या हातचं का नको, असं त्या वाटीकडे बघत विचारू लागल्या.

मी माझं वळण गुंडाळून ठेवलं.

"विहीणबाई, खिरीला हिंगाचा वास येतोय. पहिल्या दिवसापासून."

हितेश पंख्याकडे बघायला लागला. मला वाटलं, आता पेणची गाडी धरतात. पण त्या चिडल्या नाहीत. वाटी नाकाशी धरून त्यांनी दोनतीनदा हुंगून पाहिली. साईराजनं हात लांब करून त्यांचं नाक मुठीत पकडलं. त्यांनी ते सोडवून घेतलं नाही. ऋतुजानं फोन खाली ठेवला.

"मला वासच येत नाय गो ताई," त्या म्हणाल्या. "करोना झाल्यापासून. पापड पण आठवणीवर करते."