खिडकीपर्यंत सहा रेघा

"मारलंत ना सासूबाईंना!"

दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या मास्तरीण ओरडली. शेजाऱ्यांनी ऐकलं असतं तर पोलीसच बोलावले असते. पण सासूबाई म्हणजे कुंडीतलं स्नेक प्लांट. मुलगी नोकरीसाठी दूर गेली तेव्हा जाता जाता घेऊन दिलेलं. नर्सरीवाला म्हणाला होता, याला काही लोक सासूची जीभ म्हणतात. झालं, मास्तरांनी तिथल्या तिथे बारसं उरकलं. "घरात एक बोलणारी आहेच, आता ही न बोलणारी आली, तेवढाच कानांना आराम," असंही वर म्हणाले होते.

धाकट्या बहिणीचा मोडलेला पाय सांभाळायला मास्तरीण पाच आठवडे बाहेर होती. निघाली तेव्हा सासूबाई कपाटाशेजारी हिरव्यागार, ताठ उभ्या होत्या. आता त्या खिडकीच्या कट्ट्यावर काचेला टेकून भर उन्हात होत्या. पानांवर पांढरट चट्टे उठले होते, आणि दोन पानांची टोकं तर वाळून कोळपली होती.

"मी मारलं?" खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेले मास्तर मान वर न करता म्हणाले. "अगं, मी होतो म्हणून जिवंत आहेत. उजेडच मिळत नव्हता त्यांना. मी रोज बघत होतो ना."

हे रोज बघणं म्हणजे नर्सरीवाल्यानं दिलेली युक्ती. भर दुपारी पानांच्या वर हात धरायचा. सावली ठसठशीत पडली, बोटं मोजता आली, तर ऊन जास्त, कुंडी मागे घ्या. सावली पडलीच नाही तर अंधार, कुंडी पुढे आणा. पुसट पडली की जागा बरोबर. मुलगी हे दुसऱ्या दिवशी विसरली. मास्तर मात्र विसरणाऱ्यांतले नव्हते. जन्मभर रफूचं काम केलेला माणूस. जळलेलं, कसरीनं खाल्लेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं कापड त्याच कापडाच्या शिवणीतला धागा काढून असं सांधायचे, की मालकानं उलटसुलट करून बघितलं तरी भोक सापडू नये. अशा माणसाला एकदा नियम सांगितला की तो पाळलाच जायचा. बारा वाजले की सुई खाली, चष्मा कपाळावर, आणि हात सासूबाईंच्या डोक्यावर. "आशीर्वाद देताय की घेताय?" असं मास्तरीण रोज विचारायची.

"कपाटापाशी पुसट सावली पडत होती की," ती आता म्हणाली. "मी स्वतः बघून गेले होते."

"तू गेल्यावर बंद झाली. मग मी हळूहळू पुढे आणली कुंडी. उगाच धसमुसळेपणा केला नाही. फरशीवर बघ."

तिनं पिशवी खाली ठेवली आणि बघितलं. काळपट फरशीवर शिंप्याच्या खडूनं ओढलेल्या रेघा होत्या. पहिली कपाटापाशी, मग वीतभर पुढे दुसरी, मग तिसरी. अशा सहा. सहावी थेट खिडकीच्या भिंतीला लागून. प्रत्येक रेघ सरळ, जशी कापडावर ओढतात तशी. पाच आठवड्यांत सहा वेळा या माणसाला खोली जास्त अंधारी वाटली होती.

"समोरच्या इमारतीला तो घाणेरडा राखाडी रंग दिलाय ना, त्यानं सगळा उजेड खाल्ला," मास्तर सांगत होते. "काच मी दोनदा पुसली. टेबलावरचा दिवा बदलला. हल्लीचे दिवेसुद्धा मेले नावालाच लागतात."

समोरच्या इमारतीला रंग देऊन दोन वर्षं झाली होती. आणि खोलीत एवढं लख्ख ऊन होतं की प्रवासानं शिणलेले तिचे डोळे दिपत होते.

चहा ठेवायला म्हणून ती आत वळली आणि तिची नजर खुंटीवर गेली. तिथं करड्या रंगाचा कोट इस्त्री करून टांगला होता. वकिलीणबाईंचा. संध्याकाळी न्यायला येणार होत्या. कोपरावर रफू केलं होतं, आणि ते तिला दारातून दिसलं. मास्तरांचं रफू, आणि दारातून दिसलं! ती जवळ गेली. वीण अजूनही सुरेख होती, बोटं काही विसरली नव्हती. पण धागा हिरवा होता. अगदी पोपटी नाही, गडद हिरवा, पण हिरवाच.

तिनं कोट खुंटीवरून काढला, घडी केली आणि आपल्या पिशवीखाली सरकवून ठेवला. रफू तिलाही थोडंफार यायचं. संध्याकाळच्या आत उसवून पुन्हा करता येईल, मास्तरांना कळायचंसुद्धा नाही, असा विचार तिनं केला. या कोटाचं निभेल. पण पुढच्याचं? आणि त्याच्या पुढच्याचं? या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, दुसऱ्या कशाचा अभिमानही नव्हता. हे काम काढून घेतलं तर मास्तरांमधलं उरणार काय, या विचारानं तिला तिथंच रडू यायला लागलं. तिनं नळ सोडला आणि तोंड धुतलं.

"बारा वाजले," बाहेरून हाक आली. "ये, आता तूच बघ. मला खोटं पाडायला निघालीस ना."

ती ओल्या तोंडानंच बाहेर आली. मास्तर खिडकीशी उभे होते. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, बोटं फाकवली आणि हात पानांच्या वर धरला.

"हं. आहे का सावली?"

पानांवर हात उमटला होता. पाचही बोटं वेगवेगळी, अनामिकेवरच्या अंगठीचा उंचवटासुद्धा. मास्तर खाली वाकून, डोळे बारीक करून त्याच पानांकडे बघत होते.

"नाही," मास्तरीण म्हणाली. "नाहीये."

"बघ. मी काय म्हणत होतो?"

ते जिंकल्यासारखे हसले. पण हात त्यांनी मागे घेतला नाही. तसाच धरून ठेवला. मग तळवा वर केला, पुन्हा खाली केला. हसू हळूहळू ओसरलं.

"ऊन तर लागतंय," ते म्हणाले. "हात भाजतोय माझा."

तिनं पदरानं ओलं तोंड पुसलं.

"अगं, ऊन लागतंय तर सावली कुठे गेली?"

"ढग आला असेल."

"खोटं बोलताना तुझा आवाज बारीक होतो. चाळीस वर्षं ऐकतोय मी." ते तिच्याकडे वळले, पण नजर तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, दाराच्या चौकटीवर लागली. "खरं सांग. किती बोटं आहेत?"

"पाच," ती म्हणाली. "अंगठीपण दिसतेय."

मास्तरांनी हात खाली घेतला आणि शर्टाला पुसला, जणू त्याला काहीतरी लागलं होतं. मग स्टुलावर बसले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी त्याला येऊ दे, येऊ दे म्हणून ओरडत होतं.

"मला शंका होती," मास्तर म्हणाले. "नव्हती असं नाही. पण खोलीच काळवंडली असेल, असंही वाटायचं. खोली काळवंडते की नाही कधी कधी?"

"तुम्ही फोनवर का नाही बोललात?"

"काय बोलणार? सासूबाईंना दिसत नाही म्हणून?"

तिला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नाही.

"कोट कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

आता याचंही उत्तर द्यावं लागणार, हे तिला ठाऊक होतं. "वीण चांगली आहे," ती म्हणाली.

"धागा?"

"हिरवा."

मास्तरांनी मान हलवली. टेबलाचा खण चाचपून उसवणी काढली आणि तिच्यापुढे धरली. "उसव. करडी रिळं डावीकडच्या डब्यात आहेत. निदान मी तरी तिथंच ठेवत होतो."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन दिवसांनी तपासलं. डोळ्यातला दाब वाढून आतली नस वाळत गेली होती. जे गेलं ते परत येणार नाही, म्हणाल्या, उरलंय ते राखायला थेंब घाला, आणि आधी का नाही आलात? मास्तर म्हणाले, "खोलीचा उजेड दुरुस्त करत होतो." बाईंना वाटलं म्हातारा गंमत करतोय, त्या हसल्या. मास्तरणीनं थेंबांची बाटली पर्समध्ये टाकली.

घरी आल्यावर मास्तर कपडेही न बदलता ओलं फडकं घेऊन फरशीवर गुडघे टेकून बसले. रेघा पुसायच्या होत्या. "मी पुसते," ती म्हणाली. "मी ओढल्यात," ते म्हणाले. ते पुसायला लागले, जोर लावून, नीट, कोपऱ्यापासून. फडकं रेघेच्या वीतभर बाजूला, कोऱ्या फरशीवर फिरत होतं.

"गेली?" त्यांनी विचारलं.

मास्तरीण कुंडी पोटाशी धरून कपाटापाशी उभी होती. भाजलेली पानं तिच्या हनुवटीला लागत होती. त्यांवरचे चट्टे आता कधी हिरवे होणार नव्हते, मुळाशी नवं पान फुटलं तर तेवढंच हिरवं. हो म्हणावं असं तिला फार वाटलं. पण आवाज बारीक झाला असता.

"नाही," ती म्हणाली. "उजवीकडे. अजून थोडं. हां, तिथं पुसा."