वांग्याचा कॅन्सर बरा झाला

पवनीच्या विणकर समाजभवनात लग्नालाही इतकी गर्दी होत नाही, जितकी त्या दिवशी सिग्नल महाराजांसाठी झाली होती. चपलांचा ढीग पायऱ्या उतरून रस्त्यावर आला होता. उशिरा आलेले लोक खिडक्यांच्या गजांना धरून उभे होते. मंचावर झेंडूची माळ घातलेला लॅपटॉप होता, त्याला वायरने जोडलेले दोन पितळी लोटे होते, आणि मागे भगव्या कफनीत महाराज बसले होते. कानात इअरफोन होता. हिमालयातल्या गुरूंशी संपर्क तुटू नये म्हणून, असं त्यांचे शिष्य सांगत.

"प्रत्येक पेशीच्या दाराशी एक रिसेप्टर बसलेला असतो," महाराज माइकवर म्हणाले. "म्हणजे चौकीदार. बाहेरून निरोप आला की तो आत आवाज देतो, वाढा रे. आता हा निरोप वाईट ग्रहाकडून आला, तर पेशी बेफाम वाढते. त्यालाच डॉक्टर कॅन्सर म्हणतात. मी ग्रहाचा सिग्नल कापतो. यामागे श्रद्धा नाही, गणित आहे. भस्म लागलं की समीकरण शांत होतं."

टाळ्या पडल्या. पाचव्या रांगेत गुंजनने कपाळाला हात लावला.

त्या भाषणातली पहिली तीन वाक्यं तिची होती. गुंजन पुण्याच्या एका संशोधन संस्थेत कॅन्सरच्या पेशींचं गणित मांडायची. दाराशी बसलेल्या रिसेप्टरला निरोप मिळाला की आत काय काय घडतं, कशाने थांबतं, किती वेळाने थांबतं, हे समीकरणांत बसवायचं. मागच्या दिवाळीला तिने ते आपल्या मोठ्या बाबांना, धनीरामांना, अंगणात बसून समजावलं होतं. धनीरामांना पुतणीचा एवढा अभिमान की त्यांनी ते भेटेल त्याला ऐकवलं. महाराजांनाही ऐकवलं. ग्रह तेवढा महाराजांनी स्वतःचा घातला.

तोही विनोद म्हणून सोडून दिला असता. पण धनीरामांच्या पत्नी सत्यभामाबाई, गुंजनची मोठी आई, यांच्या छातीतली कॅन्सरची गाठ वर्षापूर्वी नागपूरला काढली होती. डॉक्टरांनी काही वर्षं रोज घ्यायला एक गोळी दिली होती. महाराजांच्या लोट्यांच्या यंत्रावर मोठ्या आईच्या रोगाचा आकडा नव्वदवरून आठवर आला आणि गोळ्या पिठाच्या डब्यात गेल्या. गुंजन सुट्टीला आली, भाकरीसाठी पीठ काढायला गेली, तेव्हा हाताला गोळ्यांची पाकिटं लागली.

तिने लगेच आपल्या लॅपटॉपवर आलेख उघडून दाखवला होता: गोळी घेतली की पेशींच्या वाढीची रेघ हळूहळू खाली, बंद केली की वर. "मोठी आई, तुह्या पेशीचं दार एका चावीनं उघडते. ही गोळी त्या कुलपात काडीसारखी अडकून बसते. चावी आत जातच नाही. पण गोळी बंद केली का काडी निघून जाते, अन् ही लाइन पाह्य, हळूहळू वर चढते."

धनीरामांनी चष्मा लावून आलेख पाहिला होता. "पोरी, तुही लाइन हळू खाली येते. महाराजाची फटकन येते. मंग चांगली कोणाची?"

मग ते यंत्रच पाहायचं ठरवून गुंजन त्या दोघांसोबत समाजभवनात आली.

आता ती मंचाकडे डोळे लावून बसली होती. रोगी वर जाई. शिष्य त्याचे हात एका परातीतल्या 'तीर्थात' बुडवी. रोगी ओल्या हातांनी दोन्ही लोटे धरी. पडद्यावर लाल रेघ उसळे, पंच्याऐंशी, नव्वद. लोक हळहळत. मग महाराज त्याच्या तळव्यांवर राखाडी भस्म चोळत, मंत्र म्हणत, पुन्हा लोटे धरायला लावत. रेघ आपटे. सात. पाच. जयजयकार.

मिनिटभरात कुठलीच पेशी असं वागत नाही, हे गुंजनला ठाऊक होतं. रेघ गणितात बसत नसेल तर एकच प्रश्न विचारायचा असतो, यंत्र मोजतंय तरी काय? रोगी तोच, लोटे तेच. मधल्या वेळात बदलले ते फक्त तळहात. तिने धनीरामांच्या पिशवीत हात घातला. भरितासाठी घेतलेलं एक दांडगं वांगं तिच्या हाती आलं.

"महाराज, याले पण तपासा," ती मंचावर जाऊन म्हणाली.

"वांग्याला रोग नसतो, बाळ."

"काहून?" समाजाचे अध्यक्ष सोमाजी खुर्चीतून म्हणाले. "झाडापाल्यातही तोच आत्मा आहे, असं कालच तर म्हणले तुम्ही."

महाराजांना लोटे पुढे करावे लागले. गुंजनने वांगं परातीत बुडवून दोन लोट्यांच्या मध्ये टेकवलं. लाल रेघ उसळली. अठ्ठ्याऐंशी.

सभागृहात चिंता पसरली. "वांग्याले कॅन्सर आहे का जी?" कोणी विचारलं. भाजीवाल्या मंगलाबाई मागून उठल्या. "माह्या वांग्याले बदनाम नोका करू. सकाळी तोडलं आहे."

गुंजनने वांगं पुसून त्याला भस्म फासलं आणि पुन्हा टेकवलं. तीन. आता लोकांना कळेल म्हणून ती वळली. महाराज तिच्याआधी माइकवर पोचले.

"पाहा, गुरुकृपा वांग्यालाही लाभली," ते म्हणाले, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. एक बाई वांग्याच्या पाया पडायला पुढे आली. वांग्याला पाय नसल्याने तिने देठाला हात लावला.

गुंजनला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात तिला दिसलं, सत्यभामाबाई मंचावर आल्या आहेत आणि भस्माची चिमूट बोटांत चोळून पाहत आहेत. जन्मभर कोशाचं रेशीम विणलेली बाई ती. घामाच्या हाताने धागा डागाळतो, म्हणून मागावर बसण्याआधी त्यांच्या घरात सगळेच तळव्यांना राख चोळायचे. महाराजांकडच्या मागच्या तीन फेऱ्यांमध्ये त्यांनी हेच भस्म डोळे मिटून, हात जोडून घेतलं होतं. आज पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून घेतलं.

"हे तर तुसाची राख आहे," त्या म्हणाल्या. "भोजराजच्या राइस मिलमधली. आपल्या घरी मागाजवळ डब्यात ठेवली आहे, तेच."

"मग ती लावल्यावर हाताचं काय होते, मोठी आई?"

"घाम सुकते. दुसरं काय होईन?"

गुंजनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "मोठे बाबा, वर या. आपण उलटं करू. आधी राख, मंग तीर्थ."

धनीराम ठणठणीत माणूस. ते ऐटीत आले. राख चोळून लोटे धरले, आकडा चार. "पाहा, मले काहीच नाही," ते म्हणाले. मग त्यांनी हात परातीत बुडवले आणि पुन्हा लोटे धरले. ब्याण्णव.

धनीरामांचा चेहरा उतरला. "महाराज, हे काय केलं तुम्ही? धडधाकट आलो होतो मी. मले कॅन्सर लावला तुम्ही. आता उतरवून द्या."

सत्यभामाबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. गाठ निघाल्यापासून गुंजनने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"कोणी काही लावलं नाही," गुंजन म्हणाली. "परातीतल्या पाण्याची चव पाहा. मीठ आहे. लोट्यांमधून थोडीशी वीज जाते. हात खारट ओला असला का सहज जाते, कोरडा असला का अडते. हे यंत्र तुमच्या हाताचा ओलावा मोजते. त्याले पेशी कळत नाही, वांगं कळत नाही, मोठे बाबाही कळत नाहीत."

मंगलाबाईंनी बोट बुडवून चाखलं आणि थू केलं. "मीठच आहे."

नेटवर्कमध्ये बिघाड आहे, असं म्हणत महाराज मागच्या दाराकडे सरकले. तिथे सोमाजी आधीच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी पोलीस ठाण्याला फोन लावला होता.

घरी आल्यावर सत्यभामाबाईंनी पिठाच्या डब्यातून गोळ्या काढल्या, डॉक्टरांना फोन करायला लावला, ते म्हणाले तशी एक पाण्याबरोबर घेतली. मग गुंजनजवळ बसल्या.

"तुही ते हळू लाइन दाखव. शून्यावर जाते का?"

"मले सांगता येत नाही," गुंजन म्हणाली. "गोळी रोज घेतली तर आजार परत यायची भीती खूप कमी होते. एवढंच खरं."

"महाराज तर पक्कं सांगे."

"हो. वांग्यालेही सांगितलं त्याने."

सत्यभामाबाईंनी आलेखावरून बोट फिरवलं, त्या सावकाश उतरत्या रेघेवरून, शेवटपर्यंत. बोटाला पीठ होतं, पडद्यावर त्याची पांढरी वाट उमटली.

वाचकहो, तुमच्याही गावात उद्या कोणी लोटे घेऊन येईल. शब्द नवे असतील, पडदा मोठा असेल, आणि आकडा फटकन खाली येईल. तेव्हा आधी एवढंच विचारा, हे मोजतंय काय? आणि उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांची गोळी पिठाच्या डब्यात टाकू नका.