कॉफीच्या दुकानातली तिजोरी

दर रविवारी सकाळी मी लोकांना आमच्या शहरातले खून, चोऱ्या आणि फसवणुकी दाखवायला नेते. इतिहास म्हटलं की लोक जांभया देतात, खून म्हटलं की धावत येतात. नवऱ्याला सूपमधून विष पाजणारीचं घर, एकच पूल दोघांना विकणाऱ्या महाभागाचं ऑफिस आणि शेवटी जुनी बँक. तिथे आता कॉफीचं दुकान आहे, आणि बँकेच्या तिजोरीत साखरेची पोती.

"पंचावन्न वर्षांपूर्वी या तिजोरीतले दागिने गेले," मी सांगते. "कुलूप शाबूत, दार बंद, आत ठणठणगोपाळ. म्हणजे किल्ली वापरली, असं ठरलं. किल्ली असायची पहारेकऱ्याच्या खोलीत. त्याला कामावरून काढलं. तो पहारेकरी म्हणजे माझे आजोबा."

मग मी सांगते की आजोबांनी चोरी केली नाही, आणि लोक समजूतदारपणे माना डोलावतात. त्या माना बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण पुरावा आणायचा कुठून? आजोबा 'किल्लीवाला' म्हणून गेले. बाबा शाळेत 'किल्लीवाल्याचा' होते. आता सदुसष्ट वर्षांचे झाले, तरी वडिलांचा विषय निघाला की उठून जातात.

त्या रविवारी मी नेहमीचं सांगून संपवलं, तर मागून आवाज आला, "किल्ली नव्हती वापरली."

बोलणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर जड पिशवी.

"तुम्हाला काय माहीत?" मी फणकाऱ्यानेच विचारलं.

"माझ्या वडिलांनी उघडली ती. कुलपं दुरुस्त करायचे. जाताना म्हणाले, माझ्यापायी एका पहारेकऱ्याची अब्रू गेली, त्याचं घर शोध. तुमच्या जाहिरातीत बँकेचा फोटो दिसला, म्हणून गाडी पकडून आले."

पण दर रविवारी थापाड्यांच्याच गोष्टी सांगणारी बाई मी, अशी कशी विरघळेन?

"सांगायला काय, कुणीही सांगेल," मी म्हणाले. "उघडून दाखवा."

"मग ही पिशवी काय भाजी आणायला घेतलीय? वडिलांचं कुलपांचं दुकान आता मीच चालवते."

कॉफीवाला हौशी माणूस. त्याने तिजोरी लावली, किल्ली आपल्या खिशात घातली आणि म्हणाला, "मोडू नका म्हणजे झालं. दुपारी साखर लागेल मला."

बाईंनी बुटकं स्टूल मागितलं, वाकवलेल्या दोन तारा काढल्या आणि दाराला कान लावला. "ते मशीन बंद करा हो, काही ऐकू येत नाही." मशीन बंद झालं. एक गृहस्थ तोंडाशी नेलेलं बिस्किट तसंच धरून उभे राहिले. मी घड्याळ बघत होते. आठव्या मिनिटाला खट् झालं आणि दार उघडलं.

आत साखर. कुलपावर ओरखडासुद्धा नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी मटकन खुर्चीत बसले आणि हसत सुटले, थांबताच येईना.

तशीच बाबांना फोन लावला. "काही विचारू नका, असाल तसे या."

ते घरातल्या चपलांवर आले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी सगळं सांगितलं. बाई उठून उभ्या राहिल्या.

"चूक आमच्या घरची," त्या म्हणाल्या. "माफी मागायलाही तोंड नाही मला."

कॉफीवाल्याकडून किल्ली घेऊन बाबांनी तिजोरी लावली, दार दोनदा ओढून पाहिलं आणि स्टूल बाईंच्या पुढे सरकवलं.

"बसा ताई. मला बघू द्या."

या वेळी सहाच मिनिटं लागली. खट् झालं तसे बाबा खो खो हसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. माझे बाबा इतक्या मोठ्याने हसू शकतात हे मला माहीतच नव्हतं.

मग त्यांनी तिजोरी पुन्हा लावली.

"अजून एकदा, ताई. पण जरा थांबा."

ते दुकानाच्या दारात गेले, दार सताड उघडलं आणि रस्त्यावरच्या लोकांना हाका मारायला लागले.

"या, आत या सगळे, एक गंमत बघायला या. मी इथल्या पहारेकऱ्याचा मुलगा."