हंगामी कोचचा सत्कार

जयाचा नवरा शेषराव भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या बास्केटबॉल टीमचा कप्तान होता. कारखान्यात धगधगत्या भट्टीसमोर उभा राहणारा हा गडी, पण कोणाला वाईट बातमी सांगायची म्हटलं की त्याची बोबडी वळायची.

जुन्या कोचसाहेबांची बदली झाली तेव्हा पुंडलिकरावांनी टीम हंगामी म्हणून हाती घेतली. कारखान्यात ते क्रेनवाल्याला खालून इशारे द्यायचे. त्या गोंगाटात ओरडून उपयोग नसतो, सारं काम हातांनी. तीच सवय त्यांनी मैदानावर आणली. मूठ वर गेली की पोरांनी थांबायचं, बोट गोल फिरलं की चढाई करायची. टीम जिंकायला लागली, हे कोणी नाकारत नव्हतं. आता आपल्याला पक्कं करतील, अशी पुंडलिकरावांना आस होती आणि त्यांच्या बायकोला, सत्यभामाला, त्याहून जास्त. पण रायपूरच्या सामन्यात प्रेक्षकांनी त्यांच्या इशाऱ्यांची नक्कल केली, ‘क्रेन पार्टी’ म्हणून खिदळले, आणि आपल्या या शूरवीरांना सामना जिंकूनही मान वर करवेना.

निर्णय घ्यायला खेळाडू शेषरावच्या क्वार्टरमध्ये जमले. घरी मराठी बोलणारेही त्या दिवशी हिंदीत बोलले. आपल्याच माणसाला काढायचं तर दुसरी भाषा बरी पडते. पांढरे बूट घालणारा, इंग्रजीतून नियम सांगणारा एक कोच मिळत होता. बहुतेकांनी त्याच्यासाठी हात वर केले. शेषरावनेही केला. चहा देऊन दारात उभ्या असलेल्या जयाने तो पाहिला.

“मंग भाऊले कोन सांगते?” तिने विचारलं.

सगळे आपापल्या कपात बघू लागले. शेवटी ठरलं की आधी सत्कार करू. शाल, हार, चार गोड शब्द. बाकीचं ते समजून घेतील.

सत्कार झोकात झाला. पुंडलिकभाऊंशिवाय ही टीम म्हणजे काहीच नाही, असं शेषराव भाषणात बोलून बसला. नव्या कोचचं नाव कोणीच काढलं नाही. पुंडलिकरावांचे डोळे भरून आले. “उद्या सकाळी सारे टायमावर या,” ते म्हणाले, आणि खेळाडूंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

संध्याकाळी सत्यभामा क्वार्टरांच्या लाइनीत वाटायची साखर घेऊन आली. “जया, हे पक्के झाले न व! मले लय धाक होता.” जयाने हात पुढे केला आणि साखर तोंडात टाकली. ती गेल्यावर मात्र नवऱ्यावर कडाडली, “आत्ताच्या आत्ता जा अन् सांगून ये!”

“सकाळी सांगतो,” शेषराव म्हणाला. तिनेही मग फार ताणलं नाही.

सकाळी पुंडलिकराव मैदानावर पोचले तर पांढरे बूट घातलेला माणूस शिटी वाजवत होता आणि खेळाडू खाली माना घालून धावत होते. त्यांना सगळं कळलं. त्या माणसाशी त्यांनी हात मिळवला आणि परत जाताना ते शेषरावपाशी थांबले.

“मले काढलं त काढलं. टीम तुमची आहे. पन सत्यभामानं साऱ्या लाइनीत साखर वाटली. तिले तू सांगजो. मी कोन्या तोंडानं सांगू?” एवढं म्हणून ते ड्यूटीवर निघून गेले.

शेषराव घरी आला तो थेट जयापुढे. “तूच सांग न. बाईमानसाले बाईमानसाशी बरं बोलता येते.”

जया त्याला नाही नाही ते बोलली. मग त्याला ओढतच घेऊन गेली. तो फाटकाशीच थांबला.

सत्यभामा शालीची घडी घालत होती. जयाने एका दमात सांगून टाकलं. सत्यभामाने फाटकाकडे पाहिलंही नाही.

“काल साखर घेतली तवा तुले मालूम होतं?”

“हो, वहिनी.” जयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पयलं घर तुयंच होतं, जया. तिथंच थांबवलं असतं, त मी बाकीची लाइन फिरली नसती.”