खुर्चीचं रफू

गाडी दोन दिवस चढत होती आणि दोन दिवस आजी बोलत होती. आधी झाडं संपली, मग झुडपं संपली, मग गवतही संपलं. उरले ते नुसते काळे कडे, गोठून पांढरे पडलेले ओहोळ आणि आजीचा तोंडाचा पट्टा. सून थर्मासचं झाकण घरी विसरली, त्यावर पहिला दिवस निघाला. मुलीचे जास्तीचे मोजे बॅगेच्या तळाशी गेले, त्यावर दुसरा.

"क्रेन चालवतेस म्हणे," आजी मागच्या सीटवरून म्हणाली. "एवढं लोखंड उचलून नेमकं जागेवर ठेवतेस आणि मोजे तेवढे सापडत नाहीत?"

"क्रेनला मोजे नसतात, आई," सून पुढे बघतच म्हणाली.

गाडी मुलगा चालवत होता. तो या दोघींच्या मध्ये पडत नसे. पडलं की दोन्हीकडून बसते, हे त्याला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

नात दोन वर्षांची. घरात तिला सगळे मुकादम म्हणत, कारण उभी राहायला लागल्यापासून ती बोट दाखवून माणसांना कामाला लावायची. आत्ता ती आजीच्या शेजारी, गाडीच्या सीटवर बसवलेल्या आपल्या पट्ट्यांच्या खुर्चीत, बिस्किट चोखत बसली होती आणि प्रत्येक वळणाला "अजून!" म्हणत होती.

खिंडीपलीकडच्या खाणीवर सुनेला कायमची नोकरी लागली होती. उद्या सकाळी आठला हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार, असं पत्रात साफ लिहिलेलं. सहा वर्षं ती आज या बांधकामावर, उद्या त्या, अशी फिरली होती. आजीने ते पत्र मुलाकडून तीनदा वाचून घेतलं आणि सांगून टाकलं, "जायचं तर सगळ्यांनी. आणि जायचं म्हणजे जायचं." तीस वर्षांचं आपलं रफूचं दुकान तिने आठ दिवसांत आवरलं. गल्लीभर सांगत सुटली की माझी सून खाणीवर चाललीय. सुनेच्या तोंडावर मात्र एक अक्षर नाही.

दुपारी दोनला खिंडीखालचा नाका आला. पत्र्याची खोली, रस्त्यावर आडवा दांडा, आणि कानटोपीतून नुसतं नाक बाहेर आलेला तपासनीस.

"तीनला दांडा पडतो," तो म्हणाला. "मग वारा सुटतो. उद्या नऊपर्यंत कुणी वर जात नाही."

त्याने चाकांच्या साखळ्या बघितल्या, दिवे बघितले. मग मागचं दार उघडून मुकादमाच्या खुर्चीत डोकं घातलं. मुकादमाने त्याच्या नाकाला बोट लावून बघितलं.

"पोर वाढलं आणि पट्टे तिथेच राहिले," तो म्हणाला. "बघा, खांद्याच्या खालून येतायत. वरच्या चिरांतून घ्या."

"कुठल्या चिरा?" मुलाने विचारलं.

"या जातीच्या खुर्चीला वर आणखी दोन चिरा असतात. पट्टे तिथून ओवून घ्यायचे."

मुलाने कापड चाचपलं. पाठ वरपासून खालपर्यंत सलग. "आमच्या खुर्चीला नाहीत हो."

"मग ही खुर्ची हिला पुरत नाही. वर सगळा खडीचा रस्ता आहे, वारा गाडीला ढकलतो. मी सोडणार नाही. खालच्या गावात दुसरी मिळते का बघा."

खालचं गाव म्हणजे जाऊन येऊन चार तास.

सून खाली उतरून आली. "चिरा होत्या," ती म्हणाली. "मी घेतली तेव्हा बोट घालून बघितलं होतं."

"अगं, डोळ्यांसमोर आहे ना? कापड सलग आहे," मुलगा म्हणाला.

तिने दोनदा हात फिरवला. तिचा चेहरा उतरला. "मग मलाच कायतरी वाटलं असेल," ती हळूच म्हणाली. तपासनिसाने दया आल्यासारखं तिच्याकडे बघितलं, आणि दोन दिवस झाकणावरून आणि मोज्यांवरून बोलणी खाल्लेली ती बाई दार धरून उभी राहिली.

आजीला सगळं माहीत होतं. खुर्ची घरात आली त्याच महिन्यात तिने कव्हर धुवायला काढलं होतं. पाठीवर दोन आडव्या चिरा. नव्या वस्तूला! बघून न घेता पैसे मोजून आली ही पोरगी, असं तिला वाटलं. तिने दुकानात बसून दोन्ही चिरा रफू केल्या, पुढून आणि मागूनही. असं रफू की ज्याने केलं त्यालाच माहीत. आणि बोलली नाही, कारण असलं काहीतरी वेळेला तोंडावर मारायला राखून ठेवलेलं बरं असतं.

आता नुसतं गप्प बसलं की झालं. जगात कुणालाही ते रफू सापडणार नव्हतं. मुकादमाचं बिस्किट संपेपर्यंत आजी गप्प बसली. मग खाली उतरली.

"वेडबिड काही लागलं नाहीये तुला," ती सुनेला म्हणाली. "चिरा होत्या. मी बुजवल्या."

मुलाने तोंड उघडलं आणि शहाण्यासारखं मिटलं.

"फाटलंय समजले मी. तोंड बघत काय उभे राहिलात? कव्हर काढा. माझी पेटी आणा. किती वाजले?"

"दोन वाजून बारा मिनिटं."

तपासनीस म्हणाला, "मावशी, आत शेगडी आहे, आत बसा."

"तुझ्या खोलीत उजेड आहे का? मग काय शेगडीच्या उजेडात शिवण बघू?"

इंजिन अजून गरम होतं. तिने कव्हर बॉनेटवर पसरलं, हातमोजे काढले आणि बोटं फिरवली. काही लागेना. थंडीने बोटांची लाकडं झाली होती. तीस वर्षं लोकांच्या कोटांवर ती गमजा मारत आली होती की शोधून दाखवा. आता स्वतःच शोधत होती. वाऱ्याने डोळ्यांना पाणी येत होतं. उन्हात तिरपं धरलं, तरी काही दिसेना.

मग तिने कव्हर उचलून ओठांना लावलं. ओठ बोटांसारखे लगेच बधिर होत नाहीत. दोऱ्याची बारीक गाठसुद्धा ओठाला कळते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती ओठ सरकवत गेली.

काचेआडून मुकादम ओरडली, "आजी पापी! खुर्ची पापी!"

"इथे," आजी म्हणाली आणि त्या जागी सुई टोचली. "इथे सुरू होतं. पण माझा हात आता कापरा झाला. अगं, ये इकडे. कात्री धर."

"मी?"

"मग काय तपासनिसाला देऊ? दोरा काप, कापड नाही. कापडाला लागलं तर जन्मभर ऐकवीन."

"ते तसंही ऐकवालच," सून म्हणाली आणि कात्री घेतली.

आजी ओठाने टाका शोधायची, सुईच्या टोकाने उचलायची, सून कापायची. सुनेचा हात जरासुद्धा हलत नव्हता. वारा वाढला, कव्हर उडायला लागलं, तेव्हा मुलाने दोन्ही हातांनी दाबून धरलं. पहिली चीर पुढून उघडली तेव्हा अडीच होऊन गेले होते. मागची बाजू उसवायला आणखी सात मिनिटं. आजीचा खालचा ओठ फुटून रक्त आलं होतं. तिने ते पुसलं आणि दुसरी चीर ओढून घेतली.

"मावशी, दोन चाळीस," तपासनीस म्हणाला. त्याने दांड्याची दोरी हातात घेतली होती.

"तू दोरी बघ, मला माझा दोरा बघू दे."

"एवढं घट्ट कोण शिवतं हो, आई?" सून दातांत दोऱ्याचं टोक धरून म्हणाली.

"मी. आणि कौतुक नंतर कर."

शेवटचे टाके आजीने ओढलेच नाहीत, कारण सुनेला आता ते आपसूक दिसायला लागले होते. तिने कच, कच, कच कापलं आणि चिरेतून बोट बाहेर काढून हलवलं. मुलगा पट्टे घेऊन धावला. वरून ओवले, मागे अडकवले, खुर्ची बसवली. मुकादमाला आत बांधताना ती लाकडासारखी ताठ झाली. तिला तपासनिसाचं नाक परत हवं होतं. त्याने वाकून पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली.

"आता बरोबर," तो म्हणाला. दोन वाजून सत्तावन्न मिनिटांनी दांडा वर गेला.

खडी सुरू झाली. गाडी डावीकडे ढकलली जायची, मुलगा पुन्हा सरळ आणायचा. या खेपेला सून मागे बसली होती, मुकादमाच्या दुसऱ्या बाजूला. तिने आजीचे दोन्ही हात घेऊन आपल्या कोटात घातले. आजीने ते काढून घेतले नाहीत.

"कडा सुटतील आता," सून थोड्या वेळाने म्हणाली. "उसवल्यात ना."

"सुटतील. काजाला घालतो तसे टाके घालावे लागतील कडेने."

"पोचल्यावर घालाल?"

आजीने फुटलेल्या ओठावरून जीभ फिरवली. चढ अजून बराच होता आणि पुढच्या वळणाचा रस्ता उडत्या बर्फात दिसत नव्हता.

"तू घालशील," ती म्हणाली. "रात्री नको, उद्या सकाळी हजर होऊन ये आधी. मग मी शेजारी बसते आणि चुका काढते."

"अजून!" मुकादम म्हणाली, आणि मुलाने गिअर टाकला.