बनफ्शाची खिडकी

हेरातच्या त्या गल्लीत आदेलाची शाळा सकाळी दहाला भरायची. विद्यार्थिनी एकच होती, आणि तीही वर्गात नसायची. शेजारच्या घराच्या माडीवर खिडकीत बसलेली असायची. वर्ग म्हणजे त्या खिडकीखालचा, अंगणाकडून उघडा असलेला आदेलाचा मुदपाकखाना. तिथल्या फडताळाचं दार आतून काळं रंगवलेलं होतं. दार उघडलं की फळा, लावलं की फडताळ. आदेला खडूने गणित लिहायची, बाजूला सरायची आणि शोरव्यात डाव फिरवत बसायची. दहा-पंधरा मिनिटांनी वर खिडकीत वही उभी राहायची आणि तिच्यावर तळहाताएवढ्या आकड्यांत उत्तर असायचं. आदेला मान उभी हलवायची किंवा आडवी. आडवी हलवली की चूक कुठे झाली ते फळ्यावर लाल खडूने दाखवायची. बाईमाणसाचा आवाज घराबाहेर जाऊ नये असा एक हुकूम होता, त्यामुळे दीड वर्षात त्या दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. इतकी शिस्तीची शाळा सरकारला शोधूनही सापडली नसती.

पूर्वी आदेला मुलींच्या शाळेत अकरा वर्षं गणित शिकवत होती. एका वर्गात चाळीस-चाळीस मुली. मग नवं सरकार आलं, आणि सहावीच्या पुढच्या मुलींनी सध्या घरी बसावं असं जाहीर झालं. हे 'सध्या' किती दिवसांचं, असं सुरुवातीला लोक विचारायचे. हळूहळू विचारायचे थांबले. आदेलाचा नवरा त्याच्या आधीच वारला होता. घरात आता ती आणि तिचे सासरे, रहमत काका, टपालखात्यातून निवृत्त झालेले.

खिडकीतली मुलगी बनफ्शा, वय चौदा. खलीफा यासीन गवंड्याची लेक; तिकडे उस्ताद कारागिराला खलीफा म्हणतात. सहावी पास झाली त्याच महिन्यात तिच्या शिक्षणाला कुलूप लागलं. बापानं तिला घराबाहेर पाठवणं बंद केलं, कारण गल्लीत सगळ्यांनीच केलं होतं. समोरच्या मुदपाकखान्यात काय चालतं हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. मुलीकडे वही मात्र दर दोन महिन्यांनी नवी यायची.

मग खिडक्यांचा हुकूम निघाला. शेजाऱ्याच्या घरातला मुदपाकखाना, अंगण किंवा विहीर जिथून दिसते ती खिडकी बुजवावी, कारण या तीन ठिकाणी बायका वावरतात. हुकमानं कुणाचं भलं झालं असेल तर ते गवंड्यांचं. खलीफा यासीनला त्या हिवाळ्यात मान वर करायला फुरसत नव्हती. सगळ्या मोहल्ल्याच्या खिडक्या तो बुजवत हिंडत होता आणि त्याच्या स्वतःच्या माडीवरची खिडकी उघडी होती.

एका मंगळवारी सदाचार खात्याचे मौलवी शम्सुद्दीन पाहणीला आले. पांढरा डगला, हातात नोंदवही. बरोबर गुलाजान नावाचा शिपाई, दरवाजात वाकून शिरावं लागेल एवढा उंच, खांद्याला बंदूक. आदेलानं फडताळाचं दार लावलं आणि ती कोठीच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन फटीला डोळा लावून उभी राहिली. हाताला खडू लागलेला होता, तो तिनं ओढणीला पुसला.

मौलवींनी अंगणातून वर पाहिलं, मग मुदपाकखान्याकडे पाहिलं.

"इथली बाई त्या खिडकीतून दिसते का, ते बघावं लागेल," ते म्हणाले.

"बघा की," रहमत काका म्हणाले.

"बघू कसा? बघितलं आणि दिसली, तर परक्या बाईकडे बघितल्याचं पाप माझ्या माथी. नाही बघितलं, तर अहवालात लिहू काय?"

"मग बाईला बाजूला ठेवून बघा."

"काका, बाईच नसेल तर बाई दिसते की नाही हे कसं कळणार?"

यावरचं उत्तर मौलवींकडे होतं. ते गुलाजानकडे बघायला लागले.

"मी?" गुलाजान म्हणाला. "मौलवीसाहेब, मी सहा वर्षं डोंगरात लढलोय!"

"तिथे लढलास, आता इथे उभा राहा. काका, बुरखा आहे का घरात?"

काकांनी आपल्या मयत बायकोचा निळा बुरखा पेटीतून काढून आणला. तो गुलाजानला गुडघ्यापर्यंत आला. बंदुकीचं काय करायचं, हा प्रश्न निघाला. बाईच्या खांद्याला बंदूक नसते, असं मौलवींनी ठरवलं, तेव्हा ती काकांकडे दिली. काकांनी ती पिठाच्या डब्याला टेकवून ठेवली.

यासीनला कामावरून बोलावून घेतलं, कारण घरात पुरुष नसताना मौलवींना माडीवर जाता येत नव्हतं. त्याच्या घरातल्या बायका मागच्या खोलीत गेल्या आणि मौलवी खिडकीत उभे राहिले.

"गुलाजान! चुलीपाशी जा!"

"चूल कुठाय? मला काही दिसत नाही!"

"डावीकडे, लेका, डावीकडे," काका म्हणाले. गुलाजाननं डावीकडे हातानं चाचपलं आणि फडताळाची कडी धरली. कोठीत आदेला फटीला आणखी चिकटली. आत कालचं समीकरण तसंच होतं, पुसायचं राहिलेलं. एवढा मोठा गडी, जरा ओढली असती तर दार उघडलं असतं. पण काकांनी त्याला दंडाला धरून वळवलं आणि चुलीपाशी नेऊन बसवलं.

"बसलो! आता काय करू?"

"बायका करतात ते कर!" वरून आवाज आला.

"काय करतात?"

मौलवींनी यासीनकडे पाहिलं, यासीननं भिंतीकडे. चार पुरुष तिथे होते, चौघं रोज तीन वेळा जेवत होते.

"कणीक मळ," शेवटी काका म्हणाले आणि त्यांनी परात त्याच्यापुढे सरकवली.

गुलाजाननं कणीक मळली. मौलवींनी त्याला मळताना पाहिलं, उठताना पाहिलं, पाणी घ्यायला जाताना आणि रांजणावर आपटताना पाहिलं. मग नोंदवहीत लिहिलं: 'बसलेली स्त्री पूर्ण दिसते, उभी स्त्री, गुलाजानएवढी उंच असल्यास, खांद्यापर्यंत.' खाली गुलाजाननं बुरखा काढला तेव्हा तो घामानं निथळत होता.

"काका, यातून श्वास कुठून घेतात हो?"

"सवय होते म्हणतात," काका म्हणाले. "आपल्याला काय माहीत."

मौलवी अंगणात परत आले आणि त्यांनी निकाल दिला: आठ दिवसांत खिडकी बुजवायची. यासीन मान खाली घालून "जी" म्हणाला आणि कामावर परत गेला.

कोठीत आदेलानं सगळं ऐकलं. एवढी सगळी गंमत बघून तिला हसू आलं होतं, ते जागच्या जागी विरलं. चाळीस मुलींपैकी तिच्याकडे एक उरली होती, आणि ती एकही आता जाणार होती. तिनं हुकूम रेडिओवर तीनदा ऐकला होता. अकरा वर्षं गणितात मुरलेलं डोकं, शब्दन् शब्द पाठ होता. तिनं फटीतून सासऱ्यांना बाहीला धरून ओढलं आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

"मौलवीसाहेब," काका खाकरून म्हणाले, "हा मुदपाकखानाच नसता तर?"

"म्हणजे?"

"चूल आम्ही कोठीत नेतो. इथे पुरुषांची बैठक करतो. हुकमात मुदपाकखाना आहे, अंगण आहे, विहीर आहे. बैठक नाही. अंगणात आमच्याकडची बाई येत नाही, आणि विहीर आम्हाला नाहीच."

मौलवींनी खिशातून हुकमाचा कागद काढून वाचला. मग उलटून मागची कोरी बाजूही वाचली. "बैठक नाही," त्यांनी मान्य केलं. "पण कोठीला खिडकी नाही. तुमच्या सुनेचं कसं व्हायचं धुरात?"

"ती म्हणते, चालेल."

"भली बाई आहे," मौलवी म्हणाले. "संध्याकाळी येऊन बघतो. बैठक झालेली असली तर खिडकी राहील."

दुपारभर आदेलानं आणि काकांनी सामान ओढलं. चूल कोठीत गेली, मुदपाकखान्यात गाद्या आल्या, लोड आले, चहाची किटली आणि पिकदाणी आली. फडताळ जिथल्या तिथे राहिलं. संध्याकाळी मौलवींनी गादीवर बसून हिरवा चहा घेतला, साखरेचे दाणे चघळले आणि नोंदवहीतली ओळ खोडली.

बुधवारी आणि गुरुवारी शाळा जोरात चालली. आदेला कोठीत धुरानं डोळे चोळत कांदा परतायची आणि मधूनच पुरुषांच्या बैठकीत येऊन कंस सोडवून दाखवायची. खोकला लागला होता, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. उलट सरकारला त्याच्याच कागदात गुंडाळल्याचा तिला इतका आनंद झाला होता की गुरुवारी तिनं बनफ्शाला गृहपाठ दुप्पट दिला.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मौलवी शम्सुद्दीननी मशिदीत रहमत काकांचं कौतुक केलं. खिडक्यांवरून कुरकुर करणाऱ्यांनी या म्हाताऱ्याकडून शिकावं, असं म्हणाले. यानं आपला मुदपाकखाना दिला आणि पुरुषांची बैठक केली. लोकांनी माना डोलावल्या. मग बाहेर जोडे घालता घालता कुणीतरी विचारलं की त्या बैठकीसमोर खिडकी कुणाची आहे. दुसऱ्यानं सांगितलं, यासीनच्या पोरीची. यासीन तिथेच जोडे शोधत होता.

शनिवारी सकाळी तो काकांच्या दारात आला. बाहेर गाढवावर विटा लादलेल्या होत्या. आदेला पडद्यामागे उभी राहिली. परक्या बाईशी थेट बोलणं रीतीला धरून नव्हतं, म्हणून यासीन काकांकडे तोंड करून पडद्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला.

"काका, काय करून बसलात हो हे?"

"का? खिडकी वाचली ना तुझी?"

"कसली वाचली? समोर चूल होती तोवर माझी पोर दिवसभर खिडकीत बसली तरी कुणी हूं की चूं केलं नाही. आता म्हणतात, यासीनची पोर परक्या पुरुषांच्या बैठकीकडे तोंड करून बसते. काल चौघांनी विचारलं. माझा भाऊसुद्धा."

"पण बैठकीत पुरुष येतच नाहीत रे! मी एकटा. मी पंचाहत्तरचा!"

"हे मी मशिदीत उभा राहून सांगू? मग तिथे कोण असतं, असं विचारतील. काय सांगू?"

काका गाढवावरच्या विटांकडे बघू लागले.

"मला जरा विचारायचं होतंत," यासीन म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता, पण पडद्यापर्यंत पोचत होता. "खिडकी बुजवायची म्हटलं तरी वीट मलाच लावायची होती ना? या मोहल्ल्यात मी एकवीस खिडक्या बुजवल्यात. त्यांतल्या अकरा घरांत एक वीट बिनगाऱ्याची आहे. आतून ओढली की निघते. मौलवीसाहेब खालून बघतात, त्यांना भिंत दिसते. सापडली असती तर म्हटलं असतं, गारा कच्चा होता. चुलीकडे बघणाऱ्या भोकाला कोण विचारतं? पण पुरुषांच्या बैठकीकडे बघणारं भोक, आणि ते गवंड्याच्याच पोरीच्या खोलीत? ते सापडलं तर पोरीची गत काय होईल, तुम्हीच सांगा."

पडद्यामागे आदेलानं तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता. हुकूम तिनं पाठ केला होता, शेजारी मात्र विसरली होती. या माणसाला सगळं ठाऊक होतं. वह्या तोच आणत होता. आणि त्यानं आपल्या पोरीसाठी राखून ठेवलेली एक वीट तिनं, त्या पोरीच्या बाईनं, आपल्या हुशारीनं घालवली होती.

"चूल परत आणतो," काका म्हणाले.

"मौलवीसाहेबांनी काल नाव घेऊन सांगितलंय सगळ्यांना. आता आणाल?" यासीन म्हणाला आणि गाढवाला हाकत निघून गेला.

दहा वाजता विटा माडीवर पोचल्या होत्या. आदेला बैठकीत येऊन उभी राहिली. शाळेची वेळ होती, आणि शाळेची वेळ तिनं कधी चुकवली नव्हती. तिनं फडताळ उघडलं. फळ्यावर गुरुवारचं शेवटचं गणित होतं: बारामधून कंसात क्ष वजा तीन वजा केले तर उरतात पाच, क्ष किती? बरोबर उत्तर दहा.

यासीन आतल्या बाजूनं बांधत होता. बनफ्शा त्याच्या शेजारी उभी राहून एकेक वीट त्याच्या हातात देत होती. तो ओळंबा धरत होता, थापीनं गारा सारखा करत होता; हात नेहमीसारखाच चालत होता, काम चांगलं होत होतं. भिंत पोरीच्या छातीपर्यंत आली, मग खांद्यापर्यंत. गारा घ्यायला तो खाली वाकला आणि तेवढ्यात विटांच्या वर वही उभी राहिली.

चार.

कंसाबाहेरचं वजा चिन्ह आत नेताना ती विसरली होती. आठवडाभर आदेला तिला तेच शिकवत होती. लाल खडू हातात होता, पण दोन ओळी लिहायला निदान एक मिनिट लागलं असतं, आणि वर यासीन गाऱ्याची थापी घेऊन उभा राहत होता. वहीच्या मागे बनफ्शाचे डोळे दिसत होते. ती वाट बघत होती. आडवी मान हलवली असती तर चुकलं एवढंच तिला कळलं असतं, आणि कुठे चुकलं ते सांगायला पुढे कुणी येणार नव्हतं.

अकरा वर्षांत आणि वरच्या दीड वर्षात आदेलानं चुकीच्या उत्तराला बरोबर म्हटलं नव्हतं. परीक्षेत मुली रडल्या होत्या, पालक भांडायला आले होते, तरी नव्हतं.

तिनं मान उभी हलवली.

बनफ्शा हसली. तिनं वही काखेत धरली आणि बापाच्या हातात पुढची वीट दिली.