कोंडीबाच्या डब्यातली सात कार्डं

कुंडलच्या वरच्या अंगाला आमची वस्ती आहे. घरं थोडी, ऊस भरपूर. वस्तीवरच्या सात बायकांची बँकेत खाती आहेत, सातजणींची एटीएम कार्डं आहेत, आणि ती सातही कार्डं माजी हवालदार कोंडीबा शेवाळेच्या मिलिटरीतल्या जेवणाच्या डब्यात असतात.

बायकांचा सरकारी हप्ता जमा झाला की कोंडीबा डबा पिशवीत टाकतो, हेल्मेट घालतो, थंडी असो नसो तोंडाला मफलर गुंडाळतो, काळा चष्मा लावतो आणि जुन्या एम-एटी गाडीवरून कुंडलात जाऊन सगळ्यांचे दीड-दीड हजार काढून आणतो. कार्ड ओळखू यावं म्हणून अंबूबाईच्या कार्डाला लाल दोरा, खातूनबीच्या कार्डाला हिरवा, राहीबाईच्या कार्डाला केसांचं रबर. पिन कुठंही लिहिलेले नाहीत. ते कोंडीबाच्या डोक्यात आहेत. बायकांच्या डोक्यात ते कधी नव्हतेच.

शिकलेल्या माणसाला हे ऐकून घाम फुटेल. पण बायकांचा हिशेब ऐका. कार्ड घरात ठेवलं तर ते नवऱ्याला सापडतं. नवऱ्याला नाही सापडलं तर लेकाला सापडतं, आणि लेकाला सापडलं की त्याच्या मोबाईलला नवी काच बसते. कोंडीबाच्या डब्यापर्यंत मात्र कुणाचा हात पोचत नाही.

कोंडीबाला यातून काय मिळतं? पैशात धरलं तर पेट्रोलचा तोटा. पण बायको वारल्यापासून त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. ह्या एका दिवशी सात बायका रस्त्याकडं डोळे लावून बसतात. जमेची बाजू एवढीच, पण कोंडीबा तिच्यावर महिना काढतो.

गेल्या महिन्यात मात्र बँकेचं डोकं फिरलं. एक इसम, हेल्मेट, मफलर, काळा चष्मा; एकाच यंत्रात पाठोपाठ सात कार्डं, तीही सात बायकांची. बँकेच्या संगणकानं लाल दिवा लावला, कार्डं बंद केली आणि सातजणींना फोन गेले.

"काकू, तुमच्या कार्डावरून आज दीड हजार रुपये निघालेत. ते तुम्ही काढले का?"

"मी? मी भांगलत हाय की सकाळधरनं," राहीबाई म्हणाली. खरंच उसातलं तण काढत होती.

"तुमचा पिन कुणाला सांगितला होता का?"

"मलाच ठावं न्हाई, सांगू कुणाला?"

खातूनबीनं सांगितलं, की यंत्र कसं असतं ते तिनं अजून बघितलेलंही नाही. अंबूबाई वस्तीवरची सगळ्यात हुशार बाई. तिलाही विचारलं, कार्ड कुणाला दिलंय का? ती ठासून म्हणाली, "कुनाला बी न्हाई." नंतर मी तिला म्हटलं, अंबूबाई, कोंडीबाला दिलंय की. तर माझ्यावरच डाफरली, "कोंडीबा म्हंजी कुनी हाय व्हय? तो घरातला हाय."

अशा रीतीनं सात बायका सात वेळा खरं बोलल्या, आणि सात चोऱ्या तयार झाल्या.

दोन-चार दिवसांनी सगळ्यांच्या फोनवर मेसेज आले. वस्तीवर मेसेज वाचून दाखवण्याचं कामही कोंडीबाकडंच. पाराच्या कट्ट्यावर बसून, चष्मा नाकावर ओढून त्यानं स्वतःच्याच आवाजात वाचलं, "अनोळखी इसमाने केलेल्या फसवणुकीची रक्कम रुपये पंधराशे, चौकशी पूर्ण होईपर्यंत, आपल्या खात्यात तात्पुरती परत जमा करण्यात येत आहे. सदर इसमाविरुद्ध पोलिसांत तक्रार देण्याची कारवाई सुरू आहे." एकदा वाचलं. दुसऱ्या फोनवर परत तेच वाचलं. तिसऱ्या फोनला त्याचा आवाज बसला.

"म्हंजी पैसं दोनदा आलं?" राहीबाईनं विचारलं.

"व्हय. आनि मी आत जानार," कोंडीबा म्हणाला.

पहिल्या वाक्यावर बायकांचं लक्ष जास्त होतं, हे इथं नोंदवून ठेवतो.

प्रकरण गंभीर होतं. कोंडीबा साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. पोलीस केस झाली की नोकरी गेली. पण नोकरीचं तो एकदाच बोलला. "अनोळखी इसम" हा शब्द मात्र तो तोंडात धरून बसला, दातात सुपारीचा खडा अडकावा तसा.

बँकेच्या साताऱ्याच्या मोठ्या कचेरीत चौकशीला या, असं बोलावणं आलं. सातजणींना साताऱ्याची एसटी कुठं बदलायची ते ठाऊक नव्हतं, म्हणून फिर्यादींना घेऊन जायला आरोपीच निघाला. मला साक्षीला नेलं, म्हणजे भाकरीची गाठोडी धरायला. कंडक्टरनं बायकांना अर्धं तिकीट दिलं आणि कोंडीबाला पूर्ण. कायद्यानं त्या दिवशी त्याच्याविरुद्ध केलेली ही पहिली कारवाई.

कोंडीबा पुढं ड्रायव्हरच्या मागं बसला होता. कराड सोडल्यावर अंबूबाईनं मागच्या बाकांवर सभा घेतली.

"हे बघा गं. बँक फोटू दाखवनार. आपन म्हनायचं, ह्यो कोन आमाला ठावं न्हाई."

"आन मग?"

"मग कोंडीबाभावजी सुटलं. आन पैसं बी ऱ्हायलं. दोनी कामं."

सात गुणिले दीड हजार, साडेदहा हजार. कोंडीबाच्या अब्रूसह. मी स्वतः हिशेब तपासला, त्यात एका पैचीही चूक नव्हती.

चौकशीच्या टेबलाशी क्रांती निकम नावाच्या मॅडम होत्या. तिशीच्या आत, हुशार, आणि सकाळपासून कुणी चहा न विचारलेल्या. त्यांनी पडदा वळवून फोटो दाखवला. हेल्मेट, चष्मा, मफलर.

"हा माणूस ओळखीचा आहे?"

सातजणी वाकल्या. लग्नासाठी मुलगी बघायला गेल्यासारखा त्यांनी तो फोटो बघितला.

"न्हाई बा," अंबूबाई म्हणाली. "कुनीतरी मिशावाला दिसतुया."

"मिशी मफलराच्या आत आहे काकू."

"आसंल, म्हनून म्हनलं."

खातूनबी म्हणाली, "या अल्ला, ह्यो तर लय उंच हाय." राहीबाईनं चालीवरून माणूस मिरजेकडचा वाटतो असं सांगितलं. फोटोत चाल नव्हती.

एवढ्यात मागच्या खुर्चीवरून कोंडीबा उठला. "आवं मॅडम, त्यो मी हाय."

"गप बसा भावजी," अंबूबाई मागं न बघता म्हणाली.

"गप कशापायी? मीच हाय त्यो!"

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही कोण?"

"कोंडीबा शेवाळे, माजी हवालदार. फोटूतला इसम."

"ह्यो न्हाई मॅडम," राहीबाई म्हणाली. "ह्यो आमच्या वस्तीवरचा हाय. साधा मानूस. ह्याला यंत्रातलं काय कळतंय?"

हे ऐकून कोंडीबाचे कान लाल झाले. त्यानं पिशवीतून मफलर काढला, तोंडाला गुंडाळला, पुरावा म्हणून आणलेलं हेल्मेट चढवलं, काळा चष्मा लावला आणि पडद्याशेजारी ताठ उभा राहिला. कचेरीतले लोक काम सोडून बघायला लागले. फोटो आणि माणूस, सुताचाही फरक नव्हता.

"सांगा आता," हेल्मेटच्या आतून आवाज आला.

अंबूबाईनं एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. "आसं हेल्मेट काय, कुनाचं बी असतंय."

मॅडमना हे नवीन होतं. त्यांच्या टेबलापुढं आजवर चोर 'मी नव्हे' म्हणत आले होते आणि लुटलेले 'हाच तो' म्हणत आले होते. त्यांनी कोंडीबाला समजावलं, "काका, नीट ऐका. माझ्याकडं दोनच पर्याय आहेत. एक, अनोळखी माणसानं फसवणूक केली. मग पैसे काकूंचे, आणि पोलीस त्या माणसाला शोधतील. दोन, खातेदारानं स्वतःहून कार्ड आणि पिन दिला. मग चूक काकूंची, आणि परत दिलेले पैसे बँक काढून घेणार. तुम्ही उगाच मध्ये येऊ नका. त्या नाही म्हणतायत तर तुम्ही सुटलात."

"तिसरा न्हाई?"

"कसला तिसरा?"

"आपला मानूस म्हनून."

"संगणकात तसं काही नाही, काका."

कोंडीबानं हेल्मेट काढलं. घाम आला होता. "मग मी पुरावा देतू. राहीबाईचा पिन सांगतू. दोन, सहा..."

"थांबा!" मॅडम खुर्चीतून उडाल्या. "पिन असा मोठ्यांदा सांगायचा नसतो!"

"मग हळू सांगतू."

"हळूही नाही! मलाही नाही!"

"खातूनबीचा सांगू? तिच्या पयल्या शेळीच्या कानातल्या बिल्ल्याचं शेवटचं आकडं हायती. तिला सोपं जावं म्हनून ठेवलं हुतं."

"शेळी मेली की रं कवाच," खातूनबी नकळत बोलली, आणि तोंडावर पदर धरला.

मग कोंडीबानं डबा काढून टेबलावर ठेवला. झाकण उघडलं. आत सात कार्डं, लाल दोरा, हिरवा दोरा, केसांचं रबर.

"घ्या आपापली," तो म्हणाला. "चोर म्हना, चालंल मला. चोराला नाव तरी असतंय. तुमी म्हनताय मी न्हाईच. मग एवढी वरसं तुमच्या दारात पैसं घिऊन कोन येत हुतं? अनोळखी इसम? मग अनोळखी इसमाकडं कार्डं कशाला?"

कुणी हात पुढं केला नाही. कार्ड उचललं तर ते घरी न्यावं लागणार, हे सातजणींना एकदमच उमगलं. राहीबाईच्या चेहऱ्यावर मला तिचा लेक आणि त्याचा मोबाईल स्पष्ट दिसला. एकदाचे दीड हजार एका बाजूला, दर महिन्याचे दीड हजार दुसऱ्या बाजूला. हा हिशेब मांडायला कागद लागत नाही. पण खोटं कशाला सांगू, खातूनबी हिशेबासाठी उठली नाही. ती कोंडीबाच्या तोंडाकडं बघत होती.

"त्योच हाय मॅडम," ती म्हणाली. "माझं कार्ड मीच दिलंय. चूक माझी लिवा."

"माझी बी," राहीबाई.

बाकीच्या चारजणी रांगेनं चुकल्या. अंबूबाई शेवटी उरली. तिनं डब्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, मनातल्या मनात साडेदहा हजारांना अग्नी दिला.

"लिवा की. पर मॅडम, आमी ह्याला 'कुनी' धरलाच न्हवता, हे बी लिवा."

"त्याला जागा नाही, काकू."

"एवढा मोठा संगनक आन जागा न्हाई," अंबूबाई म्हणाली.

मॅडमनी बटणं दाबली. सात पिशव्यांतून सात फोन वाजले. पैसे गेले. मेसेज वाचायला म्हणून सातही फोन सवयीनं कोंडीबाकडं वळले, पण त्यानं दोन्ही हात खिशात घातले. शेवटी मॅडमनीच वाचून दाखवले.

तक्रार मिटली. कोंडीबाची नोकरी वाचली. पण मॅडम नियमाच्या पक्क्या. जुनी कार्डं त्यांनी कात्रीनं कापली, जागेवर नवी दिली, आणि एकेकीला खाली यंत्रावर पाठवून स्वतःच्या हातानं नवा पिन घालायला लावला. "कुणालाही सांगायचा नाही. कुणालाही म्हणजे ह्यांनासुद्धा. शपथ घ्या." सातजणींनी यमाईची शपथ घेतली. खातूनबीनं वेगळी घेतली.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना कोंडीबा मोकळा होता, आणि त्याचा डबा रिकामा होता. तो कुणाशी न बोलता एसटी स्टँडकडं चालू लागला. मागं सातजणी, प्रत्येकीच्या मुठीत नवं कार्ड, ओठ हलतायत. पिन विसरू नये म्हणून घोकत होत्या. पोवई नाक्यापर्यंत दोघींचे आकडे एकमेकींत मिसळले.

स्टँडवर राहीबाईनं पहिली माघार घेतली. "भावजी, धरा हे कार्ड. आन आकडा आयका."

"न्हाई आयकायचा," कोंडीबा म्हणाला. "मॅडमचा हुकूम हाय. मी अनोळखी इसम." आणि बाकावर बसून, डोळे मिटून, त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली.

"आवं भावजी!"

तो तोंडानं लेफ्ट-राईट लेफ्ट-राईट म्हणायला लागला.

कानात बोटं घातलेल्या माणसाला काही सांगायचं तर एकच मार्ग असतो. राहीबाई ओरडली. चार आकडे. रसाच्या गाड्यावरचा माणूस वळून बघायला लागला. खातूनबीनं तिच्याहून वरच्या आवाजात आपले आकडे सांगितले. कोरेगावच्या गाडीची घोषणा त्या गोंधळात बुडाली. मेढ्याच्या गाडीची वाट बघणारा एक म्हातारा म्हणाला, "बाई, हळू, लोक आयकत्यात."

"आयकू देत," अंबूबाई म्हणाली. "त्यांना कुठं सांगतुया? आमी ह्यांना सांगतुया."

एकीमागून एक सातजणींचे पिन सातारा स्टँडवर जाहीर झाले. शेवटी अंबूबाई कोंडीबासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि शेतातल्या गड्याला हाक मारावी तशी ओरडली, "सात! शून्य! दोन!" इथं तिला ठसका लागला. ती खोकत राहिली.

कोंडीबाची बोटं कानात होती, डोळे मिटलेले होते. लेफ्ट-राईट थांबलं होतं.

"अंबूवयनी, तीनच झालं," तो म्हणाला. "चवथा?"